आवाज क्लाइडचा, नाव दुसऱ्याचं: ‘ड्रिफ्टर्स’चा गुंता सोप्या भाषेत

‘होम अलोन’ बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यातला घरी एकटा राहिलेला मुलगा आरशासमोर उभा राहून, केस विंचरत, मोठ्या माणसाच्या ऐटीत एका गाण्यावर ओठ हलवतो, तो प्रसंग आठवा. ते गाणं म्हणजे ‘व्हाइट ख्रिसमस’. ‘द ड्रिफ्टर्स’ या ग्रुपनं ते 1954 मध्ये ध्वनिमुद्रित केलं. आधी एक खर्जातला आवाज येतो, विहिरीतून आल्यासारखा. मग अचानक एक उंच, थरथरता, आर्जवी आवाज वरून उतरतो. तो आवाज क्लाइड मॅकफॅटर या गायकाचा.

गेल्या महिन्यात इंग्लंडला राहणाऱ्या माझ्या भाचीनं तिथल्या एका नाट्यगृहाबाहेरच्या पोस्टरचा फोटो पाठवला. वर मोठ्या अक्षरात ‘द ड्रिफ्टर्स’, खाली झकपक कोटातले चार तरुण. सोबत प्रश्न : “मामा, हे तेच का रे? आणि तेच असतील तर इतके तरुण कसे?”

साधा वाटतो, पण हा प्रश्न भल्याभल्यांना गोंधळात टाकतो. क्लाइड 1972 मध्येच गेला. ‘व्हाइट ख्रिसमस’मधला तो खर्ज, म्हणजे बिल पिंकनी, 2007 मध्ये गेला. पुढच्या पिढीतला प्रसिद्ध बेन ई. किंग 2015 मध्ये. मग पोस्टरवर कोण आहे? आणि ते ‘ड्रिफ्टर्स’ म्हणवून घेऊ शकतात ते कोणाच्या परवानगीनं?

उत्तर एका माणसाच्या आयुष्यातून नीट समजतं. म्हणून क्लाइडपासूनच सुरुवात करतो.

आधी ‘व्होकल ग्रुप’ म्हणजे काय ते पाहू

आपल्या भजनी मंडळात बुवा ओळ टाकतात आणि मागचे टाळकरी तीच ओळ उचलतात. चाल तीच, सूर तोच, माणसं जास्त. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या व्होकल ग्रुपमध्ये चार-पाच जण असतात, पण ते एकाच वेळी वेगवेगळे सूर धरतात. एकाचा खर्ज, एकाचा मधला आवाज, दोघांचे वरचे. हे सूर एकमेकांत बसले की पेटी-तबल्याशिवायही गाणं भरलेलं वाटतं. ह्याला हार्मनी म्हणतात. या सगळ्यांच्या पुढे उभा असतो तो मुख्य गायक, म्हणजे लीड.

हे संगीत ज्या दुकानात विकलं जायचं त्या दुकानाचंही एक नाव होतं. 1949 पर्यंत अमेरिकी संगीत उद्योगात कृष्णवर्णीय कलाकारांच्या तबकड्यांना सरळ ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत, म्हणजे ‘वंशाच्या तबकड्या’. ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकात काम करणाऱ्या जेरी वेक्स्लरनं त्याऐवजी ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव सुचवलं आणि तेच रूढ झालं. थोडक्यात आर अँड बी. नाव सभ्य झालं, पण खपाच्या क्रमवारीची यादी वेगळीच राहिली. गोऱ्या श्रोत्यांची ‘पॉप’ यादी निराळी आणि ही निराळी. पुढे पैशाचा विषय येईल तेव्हा या दोन याद्या लक्षात ठेवाव्या लागतील.

चर्चमधला गळा

क्लाइडचा जन्म 15 नोव्हेंबर 1932 चा, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम शहरातला. वडील बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. पुढे कुटुंब उत्तरेकडे, आधी न्यू जर्सीत आणि मग न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आलं. तिथे तो ‘माउंट लेबनन सिंगर्स’ या भक्तिगीतं गाणाऱ्या ग्रुपमध्ये गाऊ लागला.

या भक्तिगीतांना गॉस्पेल म्हणतात. त्यात एकेका अक्षरावर सूर फिरवतात, आपल्याकडे मुरकी किंवा हरकत म्हणतो तसं. आवाज मुद्दाम फाटू देतात, गाता गाता हुंदका येतो, देवापुढे अक्षरशः लोटांगण घालतात. क्लाइडनं हे सगळं जसंच्या तसं उचललं आणि प्रेमगीतात आणून ठेवलं. कीर्तनकारानं पांडुरंगाला घातलेली आळवणी कोणी तशीच्या तशी लावणीत गायली तर मंदिरातली मंडळी काय म्हणतील, त्याची कल्पना करा. चर्चमधल्या लोकांनाही हे रुचणारं नव्हतं. पण तरुणांनी असं काही आधी ऐकलंच नव्हतं. पुढे ‘सोल’ नावानं जे संगीत जगभर गेलं त्याच्या मुळाशी हीच अदलाबदल आहे. ती करणाऱ्या पहिल्या काही जणांत क्लाइड होता, आणि तेव्हा त्यानं विशीही धड ओलांडली नव्हती.

पहिली नोकरी : गाणं गाजतं, खिसा रिकामा

1950 मध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरमधली हौशी कलाकारांची स्पर्धा क्लाइडनं जिंकली. त्याच वर्षी बिली वॉर्ड नावाच्या संगीत शिक्षकानं त्याला आपल्या ‘डॉमिनोज’ या नव्या ग्रुपमध्ये घेतलं. वॉर्ड शिकलेला, शिस्तीचा. गाण्यांची बांधणी तोच करायचा, पियानो तोच वाजवायचा, करारही तोच करायचा. नियम मोडला की दंड.

डॉमिनोजनी धुमाकूळ घातला. 1951 मध्ये ‘सिक्स्टी मिनिट मॅन’ आर अँड बी यादीत 14 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यात लीड खर्जाचा होता, बिल ब्राउनचा. पुढच्या वर्षी क्लाइडच्या आवाजातलं ‘हॅव मर्सी बेबी’ 10 आठवडे पहिलं राहिलं. ‘द बेल्स’ या गाण्यात तर तो अंत्ययात्रेचं दृश्य पाहत ओक्साबोक्शी रडतो. रडणं सुरात ठेवणं किती अवघड असतं ते गाणाऱ्यालाच माहीत. हा मुलगा ते करत होता.

आणि हातात किती पडायचं? आठवड्याला सुमारे 100 डॉलर. त्यातून कर, जेवण, मुक्कामाच्या खोलीचं भाडं वजा. ज्या गल्लीत आपली तबकडी वाजते आहे त्याच गल्लीत उभं राहून खिसा चाचपायची वेळ त्याच्यावर येई. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट नावाची होती. वॉर्ड त्याला आपला भाऊ म्हणून ‘क्लाइड वॉर्ड’ या नावानं पुढे करायचा. गळा क्लाइडचा, आडनाव मालकाचं.

1953 मध्ये क्लाइड तिथून बाहेर पडला. पण जाण्याआधी आपली जागा घेणाऱ्या मुलाला त्यानं तयार केलं. तो मुलगा जॅकी विल्सन, पुढे स्वतः मोठा गायक झाला.

स्वतःचा ग्रुप, आणि एक सही

अटलांटिक रेकॉर्ड्स या कंपनीचा अहमद एर्टेगन डॉमिनोजचा कार्यक्रम ऐकायला गेला, तर मंचावर क्लाइडच नाही. त्यानं चौकशी केली, हार्लेममध्ये जाऊन त्याला गाठलं आणि मे 1953 मध्ये करार केला. क्लाइडनं आधी चर्चमधले जुने सोबती गोळा केले. लेखक जेम्स बाल्डविनचा भाऊ डेव्हिड त्यांच्यात होता. पण ध्वनिमुद्रण जमलं नाही. मग दुसरा संच आला : गर्हार्ट आणि अँड्र्यू थ्रॅशर हे दोघे भाऊ, बिल पिंकनी आणि इतर. सगळे इकडच्या तिकडच्या ग्रुपमधून भटकत आलेले, म्हणून नाव ‘ड्रिफ्टर्स’.

ऑगस्टमध्ये त्यांनी ‘मनी हनी’ गायलं. ते एकदा नीट ऐकाच. सुरुवातीला कोरस भुंग्यासारखा घुमतो. मग गोष्ट सुरू होते. घरमालक भाड्यासाठी दारावरची घंटा वाजवतोय आणि आत भाडेकरू दम धरून बसलाय. शेवटी तो खिडकीतून डोकावून विचारतो, काय काम काढलंत? पैसे, दुसरं काय! मग तो मैत्रिणीकडे उसने मागायला जातो आणि तिथंही तोच विषय निघतो. जेसी स्टोनचं हे गाणं 11 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पुढच्या वर्षी ‘हनी लव्ह’ आलं, तेही पहिलं.

डॉमिनोजमध्ये पोळलेल्या क्लाइडनं इथे सुरुवातीलाच अट घातली होती : ग्रुपच्या मिळकतीत मला मोठा वाटा हवा, आणि तो त्याला मिळाला. ग्रुपचं नाव आणि त्यातून येणारा पैसा यात तो व्यवस्थापकासह भागीदार होता. व्यवस्थापक म्हणजे जॉर्ज ट्रेडवेल. हा पूर्वी ट्रंपेट वाजवायचा, आणि विख्यात गायिका सारा वॉनचं काम पाहायचा.

1954 मध्ये क्लाइडला सक्तीच्या लष्करी सेवेचं बोलावणं आलं. 1955 मध्ये सुटून आल्यावर त्यानं एकट्यानं गायचं ठरवलं, आणि जाताना ड्रिफ्टर्समधला आपला हिस्सा ट्रेडवेलला विकून टाकला.

एवढीच ती सही. पुढची साठ-सत्तर वर्षं तिनं ठरवली.

नावाचा मालक कोण, हे समजून घ्यायला खाणावळीत चला

समजा तुमच्या गावात ‘अन्नपूर्णा’ नावाची खाणावळ आहे. तिथली आमटी एका आचाऱ्यामुळे प्रसिद्ध आहे. तो गेला तर पाटी उतरते का? नाही. पाटी मालकाची आहे. मालक दुसरा आचारी आणेल. पाटीच्या कायदेशीर हक्काला ट्रेडमार्क म्हणतात : एखादं नाव धंद्यात वापरायचा आणि दुसऱ्याला वापरू न देण्याचा अधिकार.

क्लाइड आचारीही होता आणि पाटीचा भागीदारही. त्यानं पाटीतला हिस्सा विकला, तेव्हा मागे राहिलेले थ्रॅशर बंधू आणि पिंकनी हे आपोआप नुसते पगारी आचारी झाले. तबकड्यांवर नाव ड्रिफ्टर्सचं, पण ड्रिफ्टर्स म्हणजे ते नव्हेत. ड्रिफ्टर्स म्हणजे ट्रेडवेलच्या कपाटातला कागद.

मराठी रंगभूमीवरून हे आपल्याला लवकर कळेल. 1913 मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले, तेव्हा त्यांना ‘किर्लोस्कर’ हे नाव नेता आलं नाही. गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली आणि जुनी कंपनी जुन्या नावानं चालूच राहिली. फरक इतकाच की ‘गंधर्व’ हे नाव त्यांचं स्वतःचं होतं, आणि प्रेक्षक चेहऱ्याला ओळखून मागे आले. 1955 सालचा ड्रिफ्टर्सचा श्रोता रेडिओवर आवाज ऐकायचा आणि तबकडीवर फक्त ग्रुपचं नाव वाचायचा. चेहरे त्याला ठाऊकच नव्हते.

एका दिवसात सगळा ग्रुप बदलला

पगाराच्या कुरबुरी चालू राहिल्या, माणसं येत-जात राहिली. मग 1958 मध्ये अपोलो थिएटरमधल्या एका भांडणानंतर ट्रेडवेलनं अख्खा ग्रुप काढून टाकला. पण अपोलोला ‘ड्रिफ्टर्स’च्या नावानं तारखा आधीच दिलेल्या होत्या. म्हणून त्यानं ‘फाइव्ह क्राउन्स’ नावाचा एक वेगळाच ग्रुप आणला आणि सांगितलं, आजपासून तुम्ही ड्रिफ्टर्स.

त्या नव्या मुलांना वर्षभर गावोगाव प्रेक्षकांचा राग झेलावा लागला. लोक जुने आवाज ऐकायला पैसे भरून यायचे आणि समोर भलतेच उभे. त्या मुलांचा यात काय दोष होता? त्यांच्यातला एक होता बेंजामिन नेल्सन. पुढे तो बेन ई. किंग म्हणून ओळखला गेला.

मार्च 1959 मध्ये हा नवा संच स्टुडिओत गेला. लीड चार्ली थॉमसनं गायचं ठरलं होतं, पण माइकसमोर त्याचा आवाज फुटेना. मग बेननं गायलं. ‘देअर गोज माय बेबी’ या गाण्यात मागे व्हायोलिन-चेलोंचा ताफा होता. आर अँड बीमध्ये ही नवीच गोष्ट, आणि ‘बिलबोर्ड’ सोडून आता अटलांटिकमध्ये आलेल्या वेक्स्लरला ती मुळीच आवडली नव्हती. गाणं आर अँड बी यादीत पहिलं आणि पॉप यादीत दुसरं आलं. 1960 मध्ये ‘सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी’ पॉप यादीतही पहिलं आलं. त्याच वर्षी बेननं पगारवाढ आणि कमाईत रास्त वाटा मागितला. नकार मिळाला आणि तो बाहेर पडला. 1961 मध्ये त्याचं एकट्याचं ‘स्टँड बाय मी’ आलं, जे आज आपल्याकडच्या कॉलेजातली मुलंही गिटारवर वाजवतात.

त्याच्या जागी रुडी लुईस आला. ‘अप ऑन द रूफ’ आणि ‘ऑन ब्रॉडवे’ त्याची. मे 1964 मध्ये ‘अंडर द बोर्डवॉक’च्या ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी तो वारला. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी ध्वनिमुद्रण झालं, जॉनी मूरनं गायलं. तो आवाज ऐकताना मला दर वेळी वाटतं की तो गाण्यातल्या उन्हाबद्दल गात नसून आदल्या दिवसाबद्दल गातोय. पाटी मात्र तीच होती.

“पण गाण्यांचे पैसे तर आयुष्यभर येत असतील ना?”

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आणि खरी मेख इथेच आहे.

तबकडी विकली की गायकाला ठरलेला वाटा मिळतो, त्याला रॉयल्टी म्हणतात. आता ऊसतोड कामगाराची उचल आठवा. हंगामाआधी मुकादम हातात रक्कम ठेवतो. मग तोडणीच्या मजुरीतून ती वळती होत राहते, आणि कित्येकदा हंगाम संपतो तरी उचल फिटत नाही. त्या काळातल्या तबकडी कंपन्यांचं हेच होतं. स्टुडिओचं भाडं, वादकांचे पैसे, आगाऊ दिलेली रक्कम, सगळं गायकाच्या खात्यावर नावे. विक्रीतून आधी हे वसूल होणार, मग उरलं तर गायकाला. कागदावर कित्येक लोकप्रिय गायक वर्षानुवर्षं कंपनीचे देणेकरीच राहिले.

दुसरं, गाणं कोणाचं? कायद्याच्या नजरेत गाण्याची मालकी लिहिणाऱ्याची आणि प्रकाशकाची. गायकाची नाही. म्हणून क्लाइडच्या ‘सच अ नाइट’ची गायकी आवडली तर कोणीही गोरा गायक ते गाणं पुन्हा गाऊ शकायचा, आणि गायचाच. 1954 मध्ये जॉनी रेनं ते गायलं आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. लेखकाला पैसे मिळाले. क्लाइडला त्या तबकडीतून काहीच मिळायचं कारण नव्हतं. दोन वेगळ्या याद्या म्हटलं ते यासाठी. गोऱ्यांच्या रेडिओवर गोऱ्या गायकाची आवृत्ती वाजायची, आणि मोठा बाजार तिथेच होता.

तिसरं, रेडिओ. अमेरिकेत आजही साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्याला नाही. खुद्द ध्वनिमुद्रणाला तर तिथल्या केंद्रीय कायद्यानं कॉपीराइटच 15 फेब्रुवारी 1972 पासून दिला, आणि तोही त्यानंतरच्या ध्वनिमुद्रणांना. क्लाइड त्यानंतर चार महिन्यांनी गेला.

1960 च्या दशकात आपल्याकडे लता मंगेशकर गायकांना रॉयल्टी हवी म्हणून अडून बसल्या होत्या. महंमद रफींचं म्हणणं, मानधन घेतलं की गायकाचा हक्क संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं सोडलं होतं. लतादीदी बरोबर होत्या. भारतात कलाकारांना रॉयल्टीचा हक्क कायद्यात यायला 2012 ची दुरुस्ती उजाडावी लागली.

“व्यवस्थापकानं धोका पत्करला, मग नाव त्याचं का नको?”

हा आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. ट्रेडवेलनं तारखा लावल्या, गाड्या धाडल्या, माणसं गेली तरी दुकान चालू ठेवलं. तो नसता तर ‘ड्रिफ्टर्स’ 1955 मध्येच संपले असते आणि बेन ई. किंग आपल्याला कळलाही नसता. कंपनीनं उत्तम संगीतकार आणि गीतकार दिले, हेही खरं. नव्या संचाची गाणी जुन्या संचापेक्षा जास्त लोकांपर्यंत पोचली.

पण धोका पत्करणाऱ्याला नाव मिळावं हे मान्य केलं, तरी नावाला किंमत आणणाऱ्यांना काहीच मिळू नये हे त्यातून निघत नाही. खाणावळीच्या मालकाला नफा मिळो, पण आमटीमुळे गिऱ्हाईक येतं हे ठाऊक असताना आचाऱ्याला महिन्याच्या पगारावर कायमचं अडकवणं हा व्यवहार न्याय्य म्हणता येत नाही. निम्मा जरी हक्क गायकांच्या एखाद्या मंडळाकडे राहिला असता, तरी ग्रुप चालला असता आणि माणसंही जगली असती.

“हिस्सा क्लाइडनंच विकला ना?”

हो. आणि हे त्याला पुढे बोचलं. आपण वाटा घेऊन बाहेर पडलो, पण आपल्यामागे गाणाऱ्यांसाठी तो राखून ठेवला नाही, याची खंत त्यानं नंतर बोलून दाखवली. तेव्हा त्याचं वय बावीस-तेवीस. लष्करातून नुकताच सुटलेला, एकट्याची कारकीर्द सुरू करायला अधीर. ग्रुपची नावं दोन-तीन वर्षांत विरून जायची, तो त्या काळचा अनुभव. ‘ड्रिफ्टर्स’ हे नाव सत्तर वर्षं टिकेल असं 1955 मध्ये कोणाला वाटलं असेल? शेत विकणाऱ्याला त्यातून पुढे महामार्ग जाणार हे ठाऊक नसतं, तसंच हे. त्याला दोष देताना माझा हात थांबतो.

एकट्याची वाट

सुरुवात दणक्यात झाली. 1956 मध्ये ‘ट्रेझर ऑफ लव्ह’ आर अँड बीत पहिलं आलं. 1958 चं ‘अ लव्हर्स क्वेश्चन’ तर पॉप यादीतही सहाव्या क्रमांकावर गेलं. मागे चुटक्या, खर्जाचा ठेका, आणि त्यावर हा आवाज हलक्या पायांनी नाचतो. 1959 मध्ये अटलांटिक सोडून तो दुसऱ्या कंपनीकडे गेला, तिथून तिसऱ्या. 1962 च्या ‘लव्हर प्लीज’नंतर मोठं यश आलं नाही. संगीत बदललं होतं. ज्या गळ्यांनी त्याच्याकडून शिकून घेतलं ते आता पुढे होते. स्मोकी रॉबिन्सनसारखे उंच आवाजाचे गायक त्याचं ऋण मानत. एल्व्हिस प्रेस्लीनं ‘मनी हनी’ 1956 मध्येच आपल्या पहिल्या अल्बमात घेतलं होतं.

दारू वाढत गेली. 1968 मध्ये तो इंग्लंडला गेला. तिथे जुने चाहते होते, पण 1970 मध्ये परत यावं लागलं. त्याच वर्षी एक अल्बम निघाला, त्याचं नाव ‘वेलकम होम’. 13 जून 1972 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात तो झोपेतच गेला. हृदय, यकृत, मूत्रपिंडं, सगळंच थकलेलं. वय 39.

सन्मान नंतर आले. 1987 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये एकट्यानं प्रवेश, 1988 मध्ये ड्रिफ्टर्ससह पुन्हा. दोनदा प्रवेश मिळालेला तो पहिला कलाकार, म्हणून अशा कलाकारांच्या गटाला आज ‘क्लाइड मॅकफॅटर क्लब’ म्हणतात. 1993 मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटावर त्याचा चेहरा आला. ज्याला कधी दुसऱ्याच्या आडनावानं गावं लागलं, त्याचं पूर्ण नाव त्या 29 सेंटच्या तिकिटावर छापलेलं होतं.

पुढे कायदा सुधारला का?

थोडा. अटलांटिकच्याच रूथ ब्राउन या गायिकेनं आपल्या हिशेबासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला. घर चालवायला तिनं दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडीही केली होती. तिच्या रेट्यामुळे 1988 मध्ये कंपनीनं काही जुन्या कलाकारांच्या खात्यावरची थकीत ‘उचल’ माफ केली आणि जुन्या गायकांना मदत करणाऱ्या ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशनला पैसा दिला.

नावाचं भांडण वेगळंच चाललं. ट्रेडवेल 1967 मध्ये वारला. त्याची पत्नी फे हिनं सूत्रं हाती घेतली आणि पुढे इंग्लंडमध्ये बस्तान बसवलं. इकडे अमेरिकेत एका प्रवर्तकानं जुने काही ड्रिफ्टर्स जमवून 1978 मध्ये नाव स्वतःच नोंदवून घेतलं. बिल पिंकनी ‘ओरिजिनल ड्रिफ्टर्स’ चालवत होता. एकाच वेळी तीन ठिकाणी तीन ड्रिफ्टर्स! न्यू जर्सीतल्या न्यायालयानं ती 1978 ची नोंदणी फसवणुकीनं मिळवल्याचं ठरवून रद्द केली, आणि 2001 मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. नाव फे ट्रेडवेलचं ठरलं.

2005 च्या सुमारास सुरू होऊन तीसहून अधिक अमेरिकी राज्यांनी ‘ट्रूथ इन म्युझिक’ म्हणून ओळखले जाणारे कायदे केले. सुप्रीम्स ग्रुपच्या मेरी विल्सननं त्यासाठी जोर लावला होता. नियम ढोबळ मानानं असा : मूळ ध्वनिमुद्रणात गायलेला एक तरी जण मंचावर हवा, नाहीतर हा ‘स्मरणार्थ’ कार्यक्रम आहे असं ठळक लिहा. पण एक पळवाट ठेवली आहे. नोंदणीकृत ट्रेडमार्क तुमच्याकडे असेल तर हे बंधन लागू नाही. म्हणजे पाटीच्या मालकाला फारसा धक्का नाही.

भाचीला काय सांगितलं

पोस्टरवरचे चौघे खोटे नाहीत. ते ट्रेडवेल कुटुंबाकडून आलेल्या नावाचे रीतसर ड्रिफ्टर्स आहेत, फाइव्ह क्राउन्सची मुलं होती तसेच. मेहनत करून गातात, आणि त्यांनाही घरभाडं भरायचं असतं. मी तिला म्हटलं, जरूर जा. फक्त जाण्याआधी ‘व्हाइट ख्रिसमस’ हेडफोन लावून ऐक. खर्ज संपून वरचा आवाज शिरतो तिथे थांब, मागे घे, पुन्हा ऐक.

काल तिचा निरोप आला : “मामा, त्या वरच्या आवाजाचं नाव काय म्हणालास? स्पेलिंग पाठव ना, पोरांना पण ऐकवायचंय.”

पाठवलं. आडनावासकट.